राजानं जपून ठेवलेलं नाव

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचा समुद्र आजच्यापेक्षा थोडा अलीकडे होता असं सांगतात. त्या समुद्राच्या काठी एक लहानसं राज्य होतं. राज्य लहान, म्हणजे राजाला त्यातलं सगळं ठाऊक असायला हवं होतं. पण राजे लोकांचं एक असतं, पायाखालचं तेवढं त्यांना दिसत नाही.

या राज्यात टेकडीच्या पायथ्याशी सुरंगीची वाडी होती. सुरंगीचं झाड तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. उंच, काळपट, जाड पानांचं झाड. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. पण थंडी सरली की त्याच्या फांद्यांना, अगदी सालीला बिलगून, कळ्यांचे घोस लागतात. कळी उमलली की बाहेर पांढऱ्या पाकळ्या आणि आत पिवळाधमक पुंजका. झाड दिसायच्या आधी त्याचा वास येऊन भेटतो. गजरा सुकला तरी वास सुकत नाही. बायका तो लुगड्याच्या घडीत ठेवतात आणि पुढच्या बहरापर्यंत पुरवतात.

एवढं गुणाचं फूल म्हटल्यावर त्या राज्यात पुष्कळ मुलींचं नाव सुरंगी होतं, यात नवल ते काय?

आणि मुलीचं नाव ठेवायची तिथली रीतही ऐकण्यासारखी होती. बाळाला पाळण्यात घालायचं आणि आत्यानं त्याच्या कानात नाव सांगायचं, हे तुमच्याआमच्याकडेही असतं. पण तिथलं बारसं तेवढ्यावर संपत नसे. त्या नावाच्या जितक्या बायका-मुली गावात असतील, तितक्या बोलावणं नसतानाही येत. एकेक करून पाळण्यावर वाकत आणि बाळाला त्याच नावानं हाक मारत. बाळाच्या वतीनं आत्या ‘ओ’ देई. याला म्हणत ‘नाव मऊ करणं’. बाळाला जुन्या लुगड्याचं दुपटं लागतं, नवं कापड टोचतं. तसंच नावही आधी कुणीतरी वापरलेलं असावं, असं त्या लोकांचं म्हणणं.

तर अशा या राज्याच्या राजाला फार नवस-सायासांनी मुलगी झाली. पण मुलगी आली आणि तिची आई गेली. राणीनं डोळे मिटण्याआधी नणंदेला जवळ बोलावलं आणि म्हणाली, “वन्सं, हिचं नाव सुरंगी ठेवा. मला त्या वाडीतून चालल्यासारखं वाटेल.”

राजाला हे कळलं तेव्हा तो लहान मुलासारखा रडला. बायको गेली होती. तिच्या मागे मुलगी राहिली होती आणि एक नाव राहिलं होतं. मुलगी तर मोठी होणार, सासरी जाणार. नाव तेवढं आपल्याजवळ राहील, असं त्याच्या दुःखी मनानं घेतलं.

बारशाचा दिवस आला. राजाच्या थोरल्या बहिणीनं पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. शंख वाजला, घुगऱ्या वाटल्या गेल्या. आणि तेवढ्यात महालाच्या दारातून बायका आत येऊ लागल्या.

पुढे एक कोळीण होती, अंगाला मासळीचा वास. तिच्यामागे वाडीत गजरे ओवणाऱ्या दोघी मायलेकी, कारण आईचं आणि लेकीचं नाव एकच होतं. मग एक कुंभारीण, हाताची माती पुरती न धुतलेली. सगळ्यांत शेवटी एक बोळकी म्हातारी काठी टेकत आली, पाळण्यावर वाकली आणि म्हणाली, “सुरंगे! ह्यां नाव मी लय वरसां वापरलंय, बाये. आता मऊ झालां आसा. तू वापर.”

“ओ!” राजाची बहीण हसून म्हणाली.

राजा मात्र हबकला. कुणीतरी भर दरबारात त्याची पगडी उडवावी तसा त्याचा चेहरा झाला. थोरली बहीण सोडली तर त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुलगी नव्हती. तिचं बारसं झालं तेव्हा तो जन्मलाही नव्हता. ही रीत त्यानं कधी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती.

“अक्का, या कोण?” त्यानं विचारलं.

“सुरंग्या,” बहीण म्हणाली. “आपल्या पोरीच्या नावाच्या.”

“माझ्या मुलीचं नाव हिचं? मासे विकणारीचं? त्या म्हातारीचं?”

“अरे, त्यांचं होतं म्हणून तर तुझ्या बायकोला सुचलं! फुलाचं नाव आहे ते. फूल काय तुझ्या एकट्याच्या अंगणात फुलतं?”

पण राजाला ऐकूच येत नव्हतं. ज्या नावात आपली राणी उरली आहे, ते नाव बाजारात मासळीबरोबर ओरडलं जातं, चिखलानं भरलेल्या हातांनी हाताळलं जातं, या विचारानं त्याचं डोकं भणभणलं. दुःखी माणसाला समजूत घालणारं कुणी भेटलं तर बरं असतं. राजाला दुर्दैवानं प्रधान भेटला.

दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली गेली. आजपासून राजकन्येचं नाव राज्यात दुसऱ्या कुणी लावायचं नाही. ज्यांचं असेल त्यांनी बदलावं. शिपाई घरोघर फिरले आणि ज्यांना नवं नाव सुचलं नाही त्यांना त्यांनीच तोंडाला येईल ते देऊन टाकलं. कुणी धोंडी झाली, कुणी भिकी झाली. साठ वर्षं एका नावाला ‘ओ’ देत आलेल्या बायका नव्या नावाकडे परक्यासारख्या बघत राहिल्या.

मग प्रधानाच्या सुपीक डोक्यात आणखी एक आलं. तो म्हणाला, “महाराज, लोक आता फुलाचं नाव घेतात. पण ते फुलाला म्हणतात की ताईसाहेबांना, हे शिपायानं ओळखावं कसं? नावच कुणी घेऊ नये, हे बरं.”

राजानं थोडा विचार केला. फार नाही, थोडाच. आणि दुसरी दवंडी पिटली गेली. हे नाव जो उच्चारेल, त्याला घरादारासकट सीमेपार घालवलं जाईल.

हे ऐकून राजाची बहीण तडक त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

“तुला वेड लागलंय का रे? नाव ठेवलं ते हाक मारायला, की फडताळात ठेवायला?”

“अक्का, सारखं तोंडात घेतलं की नाव झिजतं. मी ते जपतोय.”

“आणि तू तरी तिला हाक मारणार आहेस ना त्या नावानं?”

राजा खिडकीबाहेर बघू लागला. खरं सांगायचं तर ते नाव ओठांवर आणलं की त्याला हुंदका येई. तेही एक कारण होतं, पण मोठ्या बहिणीपुढे कबूल कोण करणार?

“ज्या घरात पोरीचं नाव घ्यायची चोरी, त्या घरचं पाणी मला नको,” असं म्हणून बहीण सासरी निघून गेली. राजाला वाईट वाटलं. पण हट्टी माणसाचं वाईट वाटणं फार टिकत नाही.

वर्षं गेली. राजकन्या दुडुदुडु धावू लागली, बोलू लागली, दात पडून बोबडी होऊन पुन्हा नीट बोलू लागली. दासी तिला ताईसाहेब म्हणत. राजा तिला बाळ म्हणे. तिच्यावर त्याचा जीव होता, यात काडीची शंका नाही. जेवताना तो पहिला घास तिला भरवी. ती शिंकली तरी वैद्य धावत येई. नाव मात्र त्यानं मनाच्या तळाशी ठेवलं होतं, आणि ते सुखरूप आहे म्हणून तो निर्धास्त होता.

एकच गोष्ट त्याला खटके. थंडी सरली, वारं फिरलं, तरी पूर्वीसारखा वास आता येत नसे. महालाच्या सज्जात उभा राहून तो खोल श्वास घेई आणि मग खिन्न होऊन आत जाई. त्याला वाटे, राणी गेली आणि आपल्या नाकातला वासही गेला. दुःखात असं होत असेल, म्हणून त्यानं कुणाला विचारलं नाही.

आणि मग ती नारळी पौर्णिमा आली.

राजा समुद्राला नारळ द्यायला निघाला, बरोबर पालखीत राजकन्या. सगळं राज्य किनाऱ्यावर लोटलं होतं. बायका ठेवणीतली लुगडी नेसल्या होत्या, पोरी नवे परकर फडकवत भिरभिरत होत्या. भरपूर ओहोटी होती. पाणी एवढं मागे हटलं होतं की लांबवरचा काळा कातळ उघडा पडला होता. सणाचा दिवस असूनही ज्यांच्या घरी चूल पेटायची पंचाईत होती, अशा दोन-चार बायका त्या कातळाच्या टोकाला शिंपले फोडून कालवं काढत बसल्या होत्या.

पूजा चालली होती. भटजींचं काही केल्या आटपत नव्हतं. राजकन्या पालखीतून कधी उतरली, दासीचा डोळा कधी चुकला, कुणाला कळलं नाही. खेकड्यामागे धावत ती पोरींच्या घोळक्यातून पुढे गेली आणि तशीच एकटी कातळावर पोचली.

नारळ पाण्यात पडला आणि भरती सुरू झाली. पौर्णिमेचं उधाण ते. आयांनी आपापल्या पोरांना हाका मारायला सुरुवात केली. “ये रे बाळा!” “बाळ, माघारी फिर!” “ताईला घेऊन ये गो!” सगळा किनारा हाकांनी भरून गेला आणि पोरं धावत आली.

राजानं मागे वळून पालखीत पाहिलं. पालखी रिकामी होती.

त्यानं चहूकडे पाहिलं, आणि मग लांब कातळावर त्याला तिचा पिवळा परकर दिसला. मुलगी पाठमोरी, ओणवी होऊन खेकडा बघत होती. आणि तिच्या मागच्या बाजूला, कातळ आणि किनारा यांच्या मधल्या खोलगट भागात, पाणी गुपचूप भरत चाललं होतं.

“बाळ!” राजा ओरडला. “बाळ, मागे ये!”

मुलगी हलली नाही. हलेल कशी? सगळा किनाराच बाळ, बाळ म्हणून ओरडत होता. शिपाई ताईसाहेब म्हणून ओरडले, पण ताईच्या हाका तर शेकड्यांनी होत्या. चार गडी पाण्यात शिरले. मधल्या धारेनं त्यांना उचलून बाजूला फेकलं.

आणि मग इतकी वर्षं आत कोंडलेलं ते नाव त्याच्या छातीतून फुटून बाहेर आलं.

“सुरंगे!”

किनारा एका क्षणात गप्प झाला. बायकांनी आपल्या पोरांच्या कानांवर हात ठेवले. म्हातारी माणसं मटकन खाली बसली. ते नाव आपण खरंच ऐकलं, आणि राजाच्याच तोंडून ऐकलं, यावर कुणाचा विश्वास बसेना.

“सुरंगे! अगं सुरंगे!”

आता दुसरा कसलाच आवाज नव्हता. हाक कातळापर्यंत पोचली. मुलीनं ती ऐकली. तिनं मान वर केली, कुणीतरी कुणाला तरी बोलावतंय एवढं तिला कळलं, आणि ती पुन्हा खेकड्याकडे वळली.

लाट तिच्या परकराला लागलेली राजाला दिसत होती, पण त्याहूनही भयंकर काहीतरी त्याला त्या क्षणी दिसलं. आपल्या मुलीला तिचं स्वतःचं नाव माहीतच नाही. आपण ते कधी सांगितलंच नाही.

तेवढ्यात कातळाच्या पार टोकाकडून आवाज आला.

“ओ!”

कालवं काढणारी एक बाई ताठ उभी राहिली होती. तिच्याबरोबरच्या बाकी बायका केव्हाच निघून गेल्या होत्या. हिची टोपली भरली नव्हती म्हणून ही मागे राहिली होती. पाठीमागे काय चाललंय याचा तिला पत्ताच नव्हता. हाक आली आणि ती वळली. वळली तेव्हा तिला वेड्यासारखे हात करणारा राजा दिसला, त्याच्या हाताच्या दिशेनं तिनं पाहिलं, आणि तिला ती पोर दिसली.

टोपली तिथेच टाकून ती धावली. मुलीला तिनं काखेत मारलं. पाणी कमरेला लागलं, मग छातीला लागलं. कातळाची एक सोंड पाण्याखालून किनाऱ्याकडे येत होती, तिच्यावरून पाय चाचपत, लाटांच्या थपडा खात ती बाई किनाऱ्याला लागली आणि मुलीला तिनं वाळूत उभं केलं.

राजानं मुलीला छातीशी धरलं. बऱ्याच वेळानं त्यानं वर पाहिलं, तर ती बाई वाळूत डोकं टेकून पडली होती.

“बाई, ऊठ,” राजा म्हणाला. “तू माझी मुलगी वाचवलीस. नाव काय तुझं?”

“धोंडी, म्हाराज.”

“मग तू ‘ओ’ का दिलीस? मी तर...”

बाईनं दोन्ही हात जोडले. “चुकलंय, म्हाराज! माका कळूकच नाय. मान आपसूक वळली. घरात माझी दोन पोरां आसत. आमका सीमेपार घालू नका!”

राजा तिच्याकडे बघतच राहिला. हिनं माझ्या मुलीला मरणाच्या दारातून ओढून आणलं, आणि ही माझीच क्षमा मागते आहे. कशाबद्दल? तर स्वतःच्या नावाला ‘ओ’ दिली म्हणून. सगळ्या जन्मात राजाला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

“आधी काय नाव होतं तुझं?” त्यानं हळूच विचारलं.

बाईनं ओठ घट्ट मिटून घेतले. काही केल्या ती बोलेना. शेवटी राजाच म्हणाला, “सुरंगी. तुझं नाव सुरंगी आहे.” तेव्हा कुठे त्या बाईला रडू फुटलं.

राजकन्या हे सगळं डोळे विस्फारून ऐकत होती. तिनं विचारलं, “बाबा, तुम्ही मघाशी यांनाच हाक मारत होतात ना?”

“नाही गं. तुला मारत होतो.”

“पण माझं नाव तर बाळ आहे.”

किनाऱ्यावर कुणीही हसलं नाही.

“तुझं नाव सुरंगी आहे,” राजा म्हणाला. “तुझ्या आईनं ठेवलंय. फुलाचं नाव आहे ते.”

“कसं असतं ते फूल?”

राजा सांगू लागला. पाकळ्या पांढऱ्या असतात, आत पिवळं असतं, फांदीला बिलगून येतं. पण वास कसा, ते त्याला सांगता येईना. वास कुणाला कधी सांगता आलाय? “चल,” तो म्हणाला, “फुलांचे दिवस नाहीत, पण झाड तरी दाखवतो. तुझ्या आईची वाडी.”

ओल्या कपड्यांनीच तो मुलीला कडेवर घेऊन निघाला. लोक मागोमाग येत होते, पण सगळ्यांच्या माना खाली होत्या. टेकडी आली, पायथा आला, ओळखीचं वळण आलं. आणि राजा जागीच थांबला.

वाडीच नव्हती. लांबच लांब मोकळं रान, आणि त्यात जमिनीबरोबर कापलेले बुंधे. कित्येकांवर गवत चढलं होतं.

“कुणी तोडली?” राजा किंचाळला. “मी कधी सांगितलं होतं तोडायला?”

एक म्हातारा पुढे आला. “तुम्ही नाय सांगितलात, म्हाराज. पण झाडाखाली पोरां खेळतली, फुलां वेचतली, तर फुलाचा नाव घेतल्याशिवाय रवतली काय? एकाच्या पोरान नाव घेतल्यान, ता घर गेला सीमेपार. मग आमी रडत रडत कुराडी चालवलाव. पोरां वाचवची की झाडां?”

राजा एका बुंध्यावर बसला. म्हणजे त्याच्या नाकाला काहीच झालं नव्हतं. वास यायला राज्यात फूलच उरलं नव्हतं. ज्या वाडीतून चालल्यासारखं वाटावं म्हणून राणीनं ते नाव मागितलं, ती वाडी त्यानं त्या नावापायीच घालवली होती, आणि जिच्यासाठी ते नाव जपलं, तिला ते पोचलंच नव्हतं.

दवंडी त्याच संध्याकाळी मागे घेतली गेली. सीमेपार घालवलेल्यांना बोलावणं गेलं. काही आले, काही नाही आले. बहीण आली, पण तिनं भावाला एका शब्दानंही टोचलं नाही. बुंधे पाहून आली होती ती. प्रधानाचं काय झालं म्हणाल, तर त्याला सुरंगीची रोपं आणायला परमुलखात धाडलं, आणि आणलेल्या प्रत्येक रोपाला पाणी घालायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं.

राजा रोज सकाळी सज्जात उभा राहून मुलीला मोठ्यानं नावानं हाक मारू लागला. सुरुवातीला असं होई, की त्याची हाक ऐकून खालून रस्त्यावरच्या चार बायका आधी ‘ओ’ देत, आणि मग कुठे राजकन्येला आठवे की अरे, हे तर आपलंच नाव. हळूहळू ती शिकली. मग तिला पहिल्याच हाकेला वळता येऊ लागलं.

झाडांना मात्र हाक ऐकू येत नाही. सुरंगी फार सावकाश वाढते. आज लावली तर फूल बघायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. राजा म्हातारा होईपर्यंत दर वर्षी, थंडी सरली की, वाडीत जाऊन फांद्यांची साल बोटांनी चाचपून बघत असे. रोपांची झाडं झाली, झाडांनी सावली धरली. पहिली कळी आली तेव्हा राजा या जगात नव्हता. ते फूल त्याला पुन्हा पाहायला मिळालं नाही.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, एवढंच लक्षात ठेवा: मुलीला फुलाचं नाव देऊन भागत नाही, ते चारचौघांच्या तोंडी मोकळं सोडावं लागतं, तेव्हाच ते तिचं होतं.